थांबण्याचं लोखंड

ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात थरथरू लागलं, तर समजावं की पुढच्या डिस्क बिघडल्या. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर ही थरथर लवकर लक्षात येते, कारण या रस्त्यावर ब्रेक फार लागतो. गोरेगाव मागे पडतं, पुढे मुरदोलीचं जंगल सुरू होतं आणि साग, ऐन, मोह दोन्ही बाजूंनी डांबराच्या काठापर्यंत येऊन उभे राहतात. रस्ता चांगला म्हणून वेग वाढतो, आणि जंगल दाट म्हणून समोर काय येणार ते आधी दिसत नाही. अशा ठिकाणी माणसाच्या आणि जनावराच्या जिवाचा भार शेवटी बिडाच्या दोन चकत्यांवर पडतो. गाडीच्या ॲव्हरेजबद्दल, रंगाबद्दल, आतल्या पडद्याबद्दल आपण तासन्‌तास बोलतो. या चकत्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

पुढच्या चाकाच्या आत, हबवर बसलेली ही डिस्क चाकाबरोबर फिरत असते. तिच्या दोन्ही अंगांना, कॅलिपरच्या कवेत, एकेक पॅड असतो. पायानं पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन पॅडांच्या चिमटीत फिरती डिस्क धरली जाते. काम दिसायला एवढंच. पण गाडी थांबते तेव्हा तिच्या अंगातली गती कुठं तरी जावी लागते, आणि ती उष्णता होऊन या बिडात जाते. हजार किलोची लहान गाडी ताशी 80 किलोमीटरनं जात असेल, तर तिला जागेवर आणताना जी उष्णता निर्माण होते तिच्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे सगळं तीन-चार सेकंदांत उरकतं. त्यातही ब्रेक लागताना गाडीचा भार पुढं येतो, त्यामुळे दोनतृतीयांश काम पुढच्या दोन डिस्कनाच करावं लागतं. वेग दुप्पट केला की उष्णता चौपट होते आणि थांबायला लागणारं अंतरही चौपट. शिवाय ऐंशीच्या वेगात चालकानं दचकून पाय ब्रेकवर आणेपर्यंत, त्या एका सेकंदातच, गाडी बावीस मीटर पुढं गेलेली असते. डिस्कचं काम त्यानंतर सुरू होतं.

ऑगस्ट 2023 मध्ये याच मुरदोलीच्या जंगलात रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका वाघाला मोटारीची धडक बसली. जखमी वाघ फरफटत झाडीकडे जातानाचा व्हिडिओ तेव्हा महाराष्ट्रभर फिरला. दुसऱ्या दिवशी उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेतच मेला. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये जाहीर झाला, तो नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं आणि त्यांच्यामधली वाट वाघासाठी राखावी म्हणून. वाघ त्याच्या वाटेनं चालतो. आपला रस्ता त्या वाटेवर आडवा पडलेला आहे. त्या रात्री चालकानं काय केलं, ब्रेक किती दाबला, गाडीचे ब्रेक कसे होते, यावर मी काही म्हणणार नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की तेव्हापासून त्या पट्ट्यात शिरताना माझा पाय आधीच हलका होतो.

सव्वा वर्षानं, 29 नोव्हेंबर 2024 रोजी, याच रस्त्यावर सडक अर्जुनी तालुक्यात भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी शिवशाही बस उलटली. अकरा माणसं गेली. वळणावर समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना बस गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या आठवड्यात गोंदियाच्या बसस्थानकावर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. जाणारं माणूस कुणाची तरी मामी, कुणाचा तरी कॉलेजातला पोरगा असतं, आणि आपला जिल्हा इतका लहान की चौथ्या-पाचव्या नात्यात ओळख निघतेच.

आमच्याकडे रस्ता एकट्या गाड्यांचा कधीच नव्हता. आषाढात रोवणी सुरू झाली की सकाळी सातपासून बायांचे घोळके काठाकाठानं बांधीकडे निघतात, साड्या पोटरीपर्यंत खोचलेल्या, डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या. चिखलणी करून बाहेर आलेले ट्रॅक्टर लोखंडी चाकांचा चिखल डांबरावर सांडत जातात, आणि त्या चिखलावर पावसाची एक सर पडली की ब्रेक असूनही गाडी थांबायला तयार नसते. दिवाळीनंतर धान निघतो. ज्याच्या अंगणात जागा नाही तो रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घालतो, कडेला दगड मांडतो आणि म्हातारीला राखणीला बसवतो. चुरणा झाला की तणसाच्या गाड्या दोन्ही बाजूंना इतक्या फुगलेल्या असतात की मागून येणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. मग झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम. रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी निघालेली माणसं, एका मोटरसायकलवर तिघं, मागचा दिवा बंद, डोळ्यांत झोप. चैत्रात मोहफुलं पडतात तेव्हा बाया-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच झाडांखाली येतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. या सगळ्यात सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली वर्षभर आहेतच, चौघी-चौघी शेजारी, बोलत बोलत.

यातला कुणीही चुकीच्या जागी नसतो. रस्ता झाला तेव्हा बांधी होती, मोहाचं झाड होतं, गुरांची वाट होती. गाडीवाला सर्वांत शेवटी आला. म्हणून ब्रेकला मी माझ्या सुरक्षिततेची वस्तू मानत नाही. सीटबेल्ट माझा, एअरबॅग माझी. ब्रेक समोरच्याचा. राखणीला बसलेल्या म्हातारीचा माझ्या गाडीवर काही हक्क असेल, तर तो त्या दोन डिस्कवर आहे.

माझ्या गाडीतली थरथर वाढली तशी मी ती गोंदियातल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. पन्नाशीचा माणूस, वेळेचा पक्का, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, जसं आमच्या शहराचं आहे. त्यानं माझं ऐकून घेतलं, पण हात लावायच्या आधी स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारली.

"पुढूनच आहे सर," तो परत येऊन म्हणाला. "मागची असती तर थरथर सीटले लागली असती. ही हातात येऊन राहिली."

"पॅड बदलून भागेल का, भाऊ?"

"भागवाचं म्हणाल तर भागते जी. पण खोलून पाहू न आधी."

हे "भागते" फार घातक आहे. निम्म्या गाड्या त्या एका शब्दावर चालतात. पॅड स्वस्त, बदलायला सोपे, अर्ध्या तासाचं काम. जुन्या, खड्डे पडलेल्या डिस्कवर नवे सपाट पॅड लावले की ते फक्त उंचवट्यांवर टेकतात, पूर्ण अंगानं धरत नाहीत. सुरुवातीला ब्रेक कमी लागतो, मग नवे पॅडही त्या खड्ड्यांच्या आकारात झिजतात आणि मालकाला वाटतं की आता जमलं. दोन डिस्क आणि पॅडचा संच यांना लहान गाडीला काही हजार रुपये लागतात. त्याच गाडीला तेवढ्याच पैशांचे सीट कव्हर घालताना आपण मागंपुढं पाहत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला आणि खाली घोडी ठेवली. हा मिस्त्री घोडीशिवाय गाडीखाली हात घालत नाही आणि हाताखालच्या पोराला घालू देत नाही. त्याच्याकडे जाण्याचं माझं हेही एक कारण आहे. चाक निघालं, कॅलिपरचे दोन बोल्ट चौदाच्या पान्यानं सुटले. सुटलेला कॅलिपर त्यानं तारेनं स्प्रिंगला बांधून टांगला. पुष्कळ ठिकाणी तो रबरी होजवरच लोंबकळत सोडतात. होज बाहेरून जसाच्या तसा दिसतो, आतून मात्र ताणला जातो, आणि तो कधी दगा देईल हे कुणी सांगू शकत नाही.

डिस्क मात्र निघेना. पावसाळे खाल्लेली डिस्क हबला गंजानं अशी चिकटते की हातानं हलतसुद्धा नाही. इथं साधारणपणे घण उचलला जातो. मिस्त्रीनं पोराच्या हातातला घण खाली ठेवायला लावला, डबा उघडून आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट काढले आणि डिस्कच्या टोपीवर समोरासमोर असलेल्या दोन आटेदार भोकांत ते फिरवू लागला. ही भोकं कंपनीनं याचसाठी ठेवलेली असतात. अनेक वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही ती कधी दिसलेली नसतात. अर्धा फेरा इकडचा, अर्धा फेरा तिकडचा. बोल्टची टोकं हबवर टेकतात आणि डिस्कला बाहेर रेटतात. सहा-सात वेळा असं झाल्यावर कडक आवाज आला, गंजाची लाल भुकटी खाली सांडली आणि डिस्क त्याच्या हातात आली. घणानं निघाली असती, पण प्रत्येक घाव मागच्या बेअरिंगला बसला असता.

त्यानं ती माझ्यापुढं धरली. "काठ पाहा सर."

पॅड जिथवर घासतात तिथवर बीड झिजून खोल गेलेलं, आणि बाहेरच्या कडेला न झिजलेली धार ताटाच्या काठासारखी उभी राहिलेली. बोट फिरवलं की नखाला अडकेल इतकी. बाहेरचा चेहरा बरा होता. आतला, जो गाडीखाली असतो आणि कुणाला दिसत नाही, तो वाईट होता. तिथं गोल गोल चरे पडलेले, मधूनमधून निळसर काळे डाग. आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत आलेला आणि बाहेरच्या पॅडवर अजून बरंच मटेरियल शिल्लक. एकाच चाकावरचे दोन पॅड असे वेगवेगळे का झिजले? मिस्त्रीनं कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या दाखवल्या. एक पिन कोरडी पडून जाम झालेली. कॅलिपर सरकत नव्हता, त्यामुळे एकट्या आतल्या पॅडनंच सगळं ओढलं. डिस्क गेली ती या पिनेपायी. पिना काढून, पुसून, त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, तेही वेळेवर, एवढ्या लहान कामावर डिस्कचं आयुष्य ठरतं. साधं ग्रीस लावलं तर रबराचे बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते.

डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर 15 मिलिमीटर होती. व्हर्नियर लावताना तो काठ टाळून आत मोजावं लागतं, नाही तर न झिजलेल्या काठाचीच जाडी मिळते आणि डिस्क चांगली असल्याचा समज होतो. तिथं मोजल्यावर जाडी पंधराच्या खाली भरली. बहुतेक गाड्यांच्या डिस्कला नवी असल्यापासून निकामी होईपर्यंत झिजायला मिळतात ते सगळे मिळून दोनेक मिलिमीटर. कित्येक वर्षांचं थांबणं या दोन मिलिमीटरांत बसवलेलं असतं. प्रत्येक गुरासमोर, प्रत्येक रेल्वे फाटकावर, प्रत्येक गतिरोधकावर त्यातला कणभर भाग उडून जातो आणि चाकाच्या रिमवर काळी धूळ होऊन बसतो. मला ही गोष्ट मोठी वाटते. चालण्यासाठी आपण इंधन जाळतो हे सगळ्यांना माहीत आहे. थांबण्यासाठीही काही तरी संपतं, आणि ते लोखंड असतं.

शहरात लेथवाले पुष्कळ आहेत. राईस मिलांच्या शाफ्ट, पुल्या, बुश यांच्या कामावर ही दुकानं उभी राहिली आणि त्यातले काही हात फार तरबेज आहेत. डिस्कला फेसिंग मारून ती सपाट करून देतात. जाडी शिल्लक असेल तर यात काही गैर नाही. पण किमान जाडीच्या जवळ आलेल्या डिस्कला फेसिंग मारणं म्हणजे उरलेलंही लोखंड काढून टाकणं. पातळ डिस्क तितकीच उष्णता घेते आणि जास्त तापते. तापली की वेडीवाकडी होते किंवा तडकते. माझा मिस्त्री या बाबतीत एक वाक्य बोलला: "मशीनवर मारून देईन, पण मी त्या गाडीत बसणार नाही." यावर मला वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पोरगा हवेची नळी घेऊन आला, कॅलिपरमधली धूळ उडवायला. मिस्त्रीनं त्याला थांबवलं आणि फडकं ओलं करून पुसायला सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षं राहते आणि कर्करोगासारखे आजार फार उशिरा बाहेर येतात. आजच्या पॅडमध्ये काय आहे हे डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असेलच असं नाही, आणि ॲस्बेस्टॉस नसलं तरी धातूची बारीक भुकटी श्वासात घेण्यासारखी वस्तू नव्हे. आपल्या गॅरेजांत पंधरा-सोळा वर्षांची पोरं दिवसभर हीच धूळ फुंकरीनं आणि हवेनं उडवत असतात. त्यांच्या तोंडावर साधा रुमालही नसतो. गाडी दुरुस्तीला देणाऱ्या माणसानं एवढं म्हणायला हरकत नाही की बाळा, ओल्या फडक्यानं पूस.

यानंतर मिस्त्रीनं हबवर जेवढा वेळ घालवला तेवढा सबंध कामात कशावर घातला नसेल. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं, मग बोट फिरवून पाहणं, पुन्हा पेपर. मला घाई होती, पण मी गप्प बसलो, कारण तो बरोबर होता. थरथरीचं खरं मूळ बहुधा इथंच असतं. हबच्या बैठकीवर गंजाचा कण राहिला, केसाच्या जाडीएवढासुद्धा, तर नवी डिस्क किंचित तिरकी बसते. फिरताना तिची कड डोळ्यांना न दिसेल इतकी डुलते. दर फेऱ्यात ती पॅडला एकाच जागी घासते, तिथं पातळ होत जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टीअरिंग पुन्हा थरथरू लागतं. गिऱ्हाईक म्हणतं डिस्क नकली होती. डिस्कचा काही दोष नसतो. ती घाणीवर बसवलेली असते. चाकाचे नट वेडेवाकडे कसल्यानंही हेच होतं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे लांब नळी लावून, पान्यावर उभं राहून एकेक नट पिळून टाकतात. नट समोरासमोरच्या क्रमानं, थोडे थोडे आणि सारखे कसायला हवेत. लहान गाडीला साधारण 85 ते 100 न्यूटन-मीटर जोर पुरतो आणि टॉर्क पाना असेल तर तो मोजता येतो.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरनं पूर्ण निघेपर्यंत पुसला, कारण पॅड एकदा तेल प्यायला की तो पॅड गेला. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदम बदलल्या, पॅडही नवे. एकाच बाजूची बदलली तर गाडी ब्रेक लागताना एका अंगाला ओढते, आणि पावसात हे ओढणं जीवघेणं ठरू शकतं. पिस्टन मागं दाबताना बाटलीतलं ब्रेक ऑइल वर चढतं ते आधीच थोडं काढून घेतलं. रंगावर सांडलं तर रंग उकलतो.

ऑइलही त्यानं सगळंच बदलायला सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आमचा पावसाळा त्याला भरपूर पाजतो. नव्या डॉट-4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. सडक अर्जुनीकडून देवरीकडे जाताना महामार्गाला डोंगराचे उतार लागतात. तिथं कुणी गिअर मोकळा सोडून नुसत्या ब्रेकवर उतरत राहिला, की डिस्क तापते, उष्णता ऑइलपर्यंत जाते, त्यातलं पाणी वाफ होतं, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं. ब्रेक आहेत, डिस्क नवी आहे, आणि पायाखाली काहीच नाही. उतारावर खालचा गिअर घालणं आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं, या दोन गोष्टींत खर्च नाममात्र आहे.

सगळं कसून झाल्यावर मी चावी मागितली. त्यानं दिली नाही. चावी त्याच्या खिशात होती आणि तो स्वतः सीटवर बसून पेडल दाबत होता. मागं ढकललेला पिस्टन पॅडपासून दूर असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. दुसऱ्या-तिसऱ्याला अंतर भरतं, मग पेडल कडक होतं. डिस्क बदलून गाडी सुरू करायची आणि पहिला ब्रेक गॅरेजच्या दारातच मारायचा, तर समोर बसलेल्या माणसावर गाडी जाते. "पेडल कडक झाल्याबिगर चावी माझ्या खिशातून निघत नाही," तो म्हणाला. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर कुठलंही प्रमाणपत्र टांगलेलं नाही. माझ्या लेखी हा नियमच त्याचं प्रमाणपत्र आहे.

डिस्क ब्रेकची कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांनी पॅडसाठी तांबं वापरलं, आणि त्या काळच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजलं. कल्पना बरोबर होती, पण तिला साजेसं मटेरियल यायचं होतं. पुढं 1953 मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारनं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारून वळणात शिरू शकल्यामुळे, आणि मग सगळ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनी यांनी मात्र चारही चाकांच्या ड्रमवरच कित्येक दशकं काढली. ड्रम बंद असतो, तापतो आणि तापला की पकड सोडतो. त्या गाड्या घाटात चालवलेल्या जुन्या माणसांना अजून तो जळका वास आठवतो. डिस्क उघडी असते, वारा खाते, म्हणून लवकर थंड होते. उघडी असल्याची किंमतही ती देते: धूळ, चिखल, गंज सगळं अंगावर घेते. लँचेस्टर यांच्या तांब्याला ज्या धुळीनं खाल्लं तीच धूळ आमच्या मुरुमाच्या पांदण रस्त्यांवर आजच्या पॅडला खाते आहे. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात एखादा खडा अडकला की चाकातून असा किंचाळता आवाज येतो की वाटेतली माणसं वळून पाहतात.

त्याहून मागं गेलं तर आमच्या भागात रेंगी होती, खाचर होतं. उतारावर भरल्या गाडीचा सगळा रेटा बैलांच्या मानेवर यायचा. ते मागं झुकून, खूर रोवून गाडी थोपवायचे. जुन्या बैलांच्या मानेवर जाड घट्टे पडलेले मी लहानपणी हात लावून पाहिले आहेत. तेव्हा थांबण्यासाठी जिवंत मान झिजायची. आता ते काम लोखंडाकडे आलं, हे मला माणसाच्या शहाणपणाचं एक उत्तम उदाहरण वाटतं, आणि म्हणूनच त्या लोखंडाची हेळसांड पाहवत नाही.

एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत, गाडी वळवता येते, ही फार मोठी सोय आहे. पण एबीएसही अखेर याच डिस्कला धरून काम करतं. झिजलेल्या डिस्कला आणि जाम पिनेला त्याच्याकडे इलाज नाही.

नवी डिस्क आणि नवे पॅड यांची ओळख व्हावी लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, मी गाडी शहराबाहेर काढली. साठपर्यंत वेग घ्यायचा, मग बऱ्यापैकी ब्रेक लावून दहा-पंधरापर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न लावता काही अंतर तसंच जाऊन डिस्क थंड होऊ द्यायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि थरथरीचं बी तिथंच पेरलं जातं. थोडा जळका वास येतो, तो पहिल्या दिवशी यायचाच. पुढचे दोनेकशे किलोमीटर उगाच करकचून ब्रेक मारायचा नाही. एवढं झालं की पॅडच्या मटेरियलचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो, आणि खरी पकड त्या थराची असते. स्टीअरिंग आता हातात निश्चल राहतं.

वाचकांना विनंती आहे. पावसाळ्याआधी एकदा गाडीची पुढची चाकं काढायला लावा. पॅड किती उरले एवढ्यावर समाधान मानू नका. काठ टाळून डिस्कची जाडी मोजायला सांगा आणि तिच्यावर कोरलेल्या आकड्याशी स्वतः ताडून पाहा. दोन्ही पिना हातानं सरकतात का ते विचारा. मिस्त्री "भागते" म्हणाला तर त्याला किती दिवस ते विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तर डिस्क बदलून घ्या. आणि गोरेगाव ओलांडून मुरदोलीच्या जंगलात रात्री शिराल तेव्हा गाडी पन्नासच्या खाली ठेवा; तिथं डिस्क कितीही नवी असली तरी ऐंशीच्या वेगात ती वेळेवर पुरी पडत नाही.